धवलारणीचा आवाज आणि माझा जुना प्लेअर

कर्जतला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे आणि भुताखेतांवर माझा विश्वास नाही. यातली दुसरी गोष्ट मी कडावच्या त्या दुपारपर्यंत फार ऐटीत सांगत असे.

कडावला एक म्हातारी धवलारीण राहते. लग्नात धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, गाऊन लग्न लावणारी. गावोगावचे मांडव तिने गाजवले, मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आधी सुनेने तिचे सगळे धवले संगणकावर भरून ठेवले होते. आता चार दिवसांवरच्या लग्नात सासूच्या जागी सून पहिल्यांदा उभी राहणार, आणि संगणक सुरूच होईना.

"काका, आयेचा गळा त्याच्यात हाय," ती फोनवर म्हणाली. "मला अर्धंबी पाठ नाय."

संगणक तिच्या नवऱ्याने छापखान्यातून आणलेला, मोडीत काढलेला. सकाळी जाऊन पाहिलं तर पेनड्राइव्हला दाद देत नव्हता. बाहेरून जागा करायचा तर एकाच जुन्या, जाड खाचेतून, आणि त्या खाचेत जाणारी वायर माझ्याकडे एकाच वस्तूची होती: गाणी ऐकायचा माझा जुना प्लेअर. त्याच्या पोटात छोटी फिरती चकती, म्हणजे हार्ड डिस्क, असते. दुकानात बसून मी त्यावरची सगळी गाणी पुसली, संगणक सुरू करणारी प्रणाली तिच्यावर चढवली आणि कडाव गाठलं.

वायर जोडून मी पडद्याकडे टक लावून बसलो.

"काय काका, नाडी सापडंना काय?" सुनेने टोमणा मारला.

तेवढ्यात तळहातावरचा प्लेअर थरथरला. उंदराच्या पिल्लासारखा, ऊबदार. पडदा उजळला. संगणकाची स्वतःची प्रणाली मेलेली, तो माझ्या हातातल्या डबीच्या जिवावर उठून बसला होता! आतले धवले शाबूत होते. मी आधी ते प्लेअरवर उतरवून घेतले आणि मग, नाटक्या माणूस मी, हात उंचावून पहिला धवला लावला.

खोलीत म्हातारीचा आवाज भरला. खणखणीत. म्हातारी समोर पाटावर बसलेली, ओठ मिटलेले. 

सून आवाजाबरोबर गाऊ लागली. तिसऱ्या ओळीला अडखळली. संगणकातला आवाजही थांबला.

"चुकलीस गं," तो म्हणाला. "परत."

मी हसलो. "म्हणजे भरून घेताना तू सोबत गात होतीस, आणि इथेच चुकली होतीस!"

"नाय काका." तिचा चेहरा उतरला होता. "तवा मी तोंड उघाडलंच नव्हतं. आये एकटीच गात होती."

मी म्हातारीकडे वळलो. "आजी, तेव्हा कोणाला म्हणालात हो?"

म्हातारीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती सुनेकडे बघत होती. संगणकातला आवाज तीच ओळ पुन्हा म्हणू लागला होता, आणि म्हातारीने पाटावर बोटाने ताल धरला.

मला तिथून पळावंसं वाटत होतं. पण मांडव चार दिवसांवर आला होता, सुनेला घाबरायला सवड नव्हती. तिने पदर खोचला आणि ती ओळ नीट म्हटली.