पाय असे नसतात

ही हकीकत सांगायची मी इतकी वर्षं टाळली. मी सांगितली नाही म्हणून दुसऱ्यांनी सांगितली, आणि ती इतकी गोड करून सांगितली की गेल्या महिन्यात तिच्यापायी माझ्या खांद्यावर शाल पडली.

नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या कलासंस्थेनं माझा सत्कार केला. सूत्रसंचालन करणारी मुलगी माइकवरून म्हणाली, "निवड समितीत बसल्यावर ज्यांनी आपल्या जिवलग मित्राच्या चित्रालाही सवलत दिली नाही, ते आपले सर!" टाळ्या झाल्या. मी नारळ हातात घेऊन उभा होतो. तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं वाटलं. सगळ्यांत जवळचं डोकं माझंच होतं. मी दोन शब्दांत आभार मानले, शाल सावरली आणि खाली उतरलो. घरी येऊन ती शाल कपाटावर फेकली. अजून तिथेच आहे.

ज्या मित्राच्या जिवावर ही शाल मिळाली, तो त्या टाळ्या ऐकायला नव्हता. तो मागच्या वर्षी गेला. त्यामुळे खरं काय ते सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

आमच्या संस्थेचं वार्षिक प्रदर्शन सर्वांसाठी खुलं असतं. म्हणजे कुणीही चित्र आणून द्यावं. शाळामास्तर, बँकेतले कारकून, घरी बसून शिकलेल्या बायका, कॉलेजची पोरं, सगळे येतात. भंडाऱ्याहून, वर्ध्याहून, उमरेडहून लोक जुन्या चादरींत गुंडाळलेल्या फ्रेमा घेऊन एसटीनं येतात आणि काच फुटली नाही ना हे पायरीवरच सोडून पाहतात. मग निवड समिती बसते. आम्ही खुर्च्यांवर, समोर एक टेबल, आणि शिपाई एकेक चित्र आणून त्यावर उभं करतो. नाव मागच्या बाजूला चिकटवलेलं, आम्हाला दिसत नाही. हात वर झाले तर चित्र डावीकडे जातं. नाही झाले तर उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून.

नियम असा होता की समितीतल्या कुणाच्या ओळखीचं चित्र समोर आलं, तर त्यानं बाहेर जायचं. नियम करणाऱ्याला वाटलं असेल की यानं न्याय होईल. झालं उलटंच. कुणी "मी जरा चहा घेऊन येतो" म्हणत उठलं की बाकीच्यांना कळायचं, हे यांचं माणूस आहे. मग हात आपोआप वर जायचे. तो परत येईपर्यंत चित्र डावीकडे लागलेलं असायचं. अध्यक्ष मिश्कीलपणे विचारायचे, "झाला चहा? साखर बरोबर होती ना?" वर्षानुवर्षं आम्ही हा प्रकार केला, आणि बाहेर आमच्या निष्पक्षपणाबद्दल भाषणं केली. चित्र देणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. आमच्यात एक आर्किटेक्ट होते, त्यांना एका सकाळी तीन-तीनदा चहाची तलफ यायची.

मीसुद्धा उठायचो. ज्या सकाळची ही गोष्ट आहे, त्या सकाळीही मी उठलो होतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या अधिकाऱ्याच्या बायकोला मी घरी जाऊन जलरंग शिकवत असे. तिनं संत्र्यांची टोपली काढली होती. त्यातली निम्मी संत्री मीच काढली होती. मी व्हरांड्यात जाऊन चहा प्यायलो आणि टोपली डावीकडे गेली.

आता मित्राबद्दल. आम्ही जुन्या नागपुरात एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो. दोन्ही घरं विणकरांची. दोन्ही घरांत जमिनीत खड्डा आणि खड्ड्यावर माग. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या लाकडी पट्ट्या पायांनी दाबतो. त्याची आई लवकर गेली. मग तो आमच्याकडेच जेवायचा, आमच्याकडेच अभ्यास करायचा. माझी आई मागावर बसलेली असताना आम्ही दोघं तिच्या पायांजवळ खड्ड्यात उतरून बसत असू. उन्हाळ्यात नागपुरात त्याहून गार जागा नव्हती. वर धोटा खटखट करायचा, डोक्यावर ताणलेल्या धाग्यांचं छत असायचं, आणि आई मधूनच अंगठ्यानं आमच्या पाठीत ढोसून म्हणायची, "सरका वं बायांनो, पट्टी दाबू द्या." आम्ही पोरं होतो तरी ती लाडात असताना आम्हाला बायाच म्हणायची.

पुढे दोघंही चित्रकला शिकलो. तो उमरेडला शाळेत ड्रॉइंग मास्तर झाला. मी नागपुरात राहिलो, कॉलेजात लागलो, समित्यांवर गेलो. वडील गेल्यावर आमचा माग विकला, खड्डा मुरूम घालून बुजवला आणि वर फरशी बसवली. सदरच्या लोकांत कुणी विचारलं तर मी सांगायचो, "घरचा कापडाचा व्यवसाय होता, गांधीबागेत." वडील विणलेली लुगडी खांद्यावर टाकून गांधीबागेतल्या व्यापाऱ्याकडे नेऊन देत, एवढाच आमचा गांधीबागेशी संबंध. पण ते वाक्य छान बसायचं, म्हणून मी ते वापरत राहिलो.

मित्र दर वर्षी प्रदर्शनाला चित्र द्यायचा. रामटेकचा डोंगर, धानाची शेतं, तळ्याकाठची झाडं. स्वच्छ, नीटनेटकं, निर्जीव. दर वर्षी परत जायचं. त्याची तक्रार नसायची. मी तेव्हा समितीत नव्हतो. पुढे मी समितीत आलो, तेव्हा माझी अडचण नको म्हणून काही वर्षं त्यानं चित्रच दिलं नाही, आणि मग एका वर्षी त्यानं मला उमरेडला बोलावून घेतलं.

"यंदा डोंगर नाई, तळं नाई. यंदा तुह्या मायचे पाय काढले गा," तो म्हणाला, आणि चित्रावरची चादर ओढली.

खड्ड्यात बसलेल्या पोराला दिसेल तसं ते चित्र होतं. वरून सोडलेले दोन पाय, पट्ट्यांवर टेकलेले, आणि वर धागे, त्यांतून झिरपणारा उजेड. आईचा चेहरा नाही, हात नाहीत. फक्त पाय. अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब फाकलेला, कारण जन्मभर अंगठा आणि बोट यांच्यात पट्टीची दोरी धरून तिचे पाय तसेच झाले होते. चप्पलसुद्धा तिला नीट बसायची नाही. आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे, स्टुडिओत काढलेला, आणि त्यात लुगड्याखाली पाय झाकले गेले आहेत. आई गेल्यापासून ते पाय मी पाहिले नव्हते. ते समोर होते.

"टाकू का प्रदर्शनात? तुही माय आहे, तुले विचारल्याशिवाय कसं टाकू?"

"टाक ना. विचारून काहून राहिला?"

"मंग चहा प्यायले उठजो हो!" तो मोठ्यानं हसला आणि लगेच म्हणाला, "नाई गा, मजाक केली. नको उठू. लागलं तं चित्राच्या जोरावरच लागलं पायजे. अन् हे बी नाई लागलं ना, तं मंग ब्रश खिडक्या रंगवायले घेतो."

तो मजेत बोलला, पण मी त्याला लहानपणापासून ओळखत होतो. निवृत्तीला आला होता. यापेक्षा चांगलं चित्र आपल्या हातून होणार नाही, हे त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. माझ्या हातून तर तेवढंही कधी झालं नव्हतं.

त्या सकाळी ते चित्र टेबलावर आलं. मी लगेच ओळखलं. उठायला पाहिजे होतं. नियम म्हणून उठायचं होतं, रिवाज म्हणून उठायचं होतं. माझ्या आईचे पाय होते ते. उठलो असतो तर बाकीच्यांनी विचारलं असतं, कुणाचं हो हे? कुणाचे पाय? मग खड्डा, माग, फरशी, सगळं त्या टेबलावर आलं असतं. मी खुर्चीला चिकटून बसलो.

आर्किटेक्ट म्हणाले, "अरे, फाशी घेतली का हिनं? पंखा दाखवायचा राहिला!"

"नाही हो, सायकल शिकतेय," दुसरा कुणीतरी म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या आईच्या पायांना ते हसले आणि मी त्यांच्याबरोबर हसलो.

अध्यक्ष हसले नाहीत. माणूस तसा रसिक होता. ते पुढे वाकले. "थांबा. हा वरचा उजेड बघा. हे धागे कसे धरलेत बघा. मला हे चित्र सोडवत नाही. पण ही बोटं..." ते माझ्याकडे वळले. "सर, मानवाकृती तुमचा विषय. ही बोटं मुद्दाम अशी काढलीत, की हात कच्चा आहे? तुम्ही म्हणाल तसं."

इतकं सोपं होतं. मुद्दाम आहे, एवढं म्हणायचं होतं. त्यासाठी उठायचीही गरज नव्हती, आईचं नाव घ्यायची गरज नव्हती. तरी मी म्हणालो, "हात कच्चा आहे. पाय असे नसतात."

शिपायानं चित्र उचललं आणि उजवीकडे भिंतीला तोंड करून लावलं. पुढचं चित्र आलं. फुटाळा तलावावरचा सूर्यास्त होता. घेतला तो आम्ही.

संध्याकाळी नावं उघडली. आर्किटेक्टनी मागची चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहिलं. "हे तर तुमचे दोस्त! दर वर्षी तुमच्याबरोबर असतात ते! आणि तुम्ही उठला नाहीत? वर ड्रॉइंग कच्चं म्हणालात?" त्यांनी माझी पाठ थोपटली. ती थाप म्हणजे त्या गोष्टीची सुरुवात. पुढच्या वर्षी ती उद्घाटनाच्या भाषणात आली, मग स्मरणिकेत आली, मग नव्या सभासदांना सांगितली जाऊ लागली. चहाचा रिवाज बंद पडला, त्याचं श्रेयही मला मिळालं. आणि मी, रोज आरशात पाहून दाढी करणारा माणूस, ते घेत राहिलो. मला त्या लोकांची चीड येते. कच्चं-पक्कं ठरवायला बसलेले, आणि एकालाही मागावर बसलेल्या बाईचे पाय कसे होतात हे माहीत नव्हतं. पण त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

नाकारलेली चित्रं न्यायला मित्र आला, तेव्हा मी घरी पाहुणे असल्याचं सांगून गेलो नाही. आमच्या शिपायानं त्याला सगळं रंगवून सांगितलं, असं मागून कळलं.

दिवाळीनंतर मी माफी मागायला म्हणून उमरेडच्या बसमध्ये बसलो. घराजवळ पोचलो तर खिडक्या हिरव्यागार दिसल्या. ताजा ऑइल पेंट. ब्रश खरोखरच खिडक्यांना लागला होता.

तो दारातच होता. मला पाहून खुलला. सुनेला हाक मारली, "ये वं, पाह्य कोण आलं! म्या सांगतलं होतं ना, सख्ख्या दोस्ताले बी पास नाई केलं, तो हा! असा माणूस पाहाले भेटत नाई आजकाल." ती बिचारी पाया पडली. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. त्याचाही राग आला मला, खोटं कशाला बोलू. इतका भाबडेपणा कशासाठी? एकदा तरी शिवी द्यायची. शिवी दिली असती तर मला बोलता आलं असतं.

"पहिले मले बी राग आला होता गा," तो म्हणाला. "मंग इचार केला, माय त्याची. माह्यापेक्षा त्यालेच जास्त आठवन. मी तं जेवाले येणारं पोट्टं. माह्याच डोक्यात बोटं वाकडी बसली असतीन."

त्यानं आतल्या खोलीतला दिवा लावला. चित्र भिंतीवर होतं. धागे तसेच, उजेड तसाच. पण पाय बदलले होते. त्यानं बोटं सुधारली होती. अंगठा ओढून बाकीच्यांजवळ आणला होता. पाच सरळ, सारखी, पुस्तकातली बोटं. कुणाचेही पाय. जगात कुठेही माझ्या आईचे पाय शिल्लक होते ते एवढ्या एका कापडावर, आणि आता तिथेही नव्हते.

"आता बराबर झाले ना?" त्यानं विचारलं. मास्तराला वही दाखवणाऱ्या पोरासारखा तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

मी म्हणालो, "हो."

त्याचा चेहरा निवला. सुनेनं चहा आणला. मी तो पूर्ण प्यायलो.

त्यानंतरही तो पुष्कळ वर्षं होता. मी जात राहिलो, जेवत राहिलो, दर वेळी त्या भिंतीकडे पाठ करून बसत राहिलो. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून दर वेळी तेच पुटपुटायचो. सदरच्या भाषेत ते कधी जमलंच नाही. जमलं ते खड्ड्यातल्या भाषेत, आणि तेही तो समोर नसताना: बोटं बराबर होती गा तुही. माय तशीच होती. मले सारं आठवत होतं. मले लाज वाटली. माफ कर मले.