सरूबाईच्या अंगातली देवी

सरूबाईच्या अंगात देवी येते, हे कवठे येमाईत तिच्याआधी तिच्या दिराला, ज्योतिबाला कळलं होतं. महिना महिना बाई झोपायची नाही, अखंड बोलायची, दुसऱ्यांची रानं खुरपून द्यायची; तेव्हा हा तिला पाटावर बसवून गावाला कौल द्यायला लावायचा. मग ती ढेपाळायची, भिंतीकडं तोंड करून पडायची. देवी रुसली म्हणून हाच मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघरीच्या दोरीनं तिला खांबाला बांधून लिंबाच्या फोकानं झोडायचा. चौदा वर्षं हेच. नव्व्याण्णव साली नवरा वारला, तशी त्यानं तिला घराबाहेर काढलं आणि सात वर्षांची लेक स्वप्नाली ठेवून घेतली.

बहिणीनं तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, बायपोलर, गोळी जन्मभर. चाळिशीतली सरूबाई रडली नाही, पेटली. पाठीवरच्या एकेका वळाचा तिला आता राग आला. आजारी माणसाला मारलं मेल्यानं! सणसवाडीत खोली घेऊन ती कंपनीच्या कँटीनात चपात्या लाटू लागली, गोळीसाठी वेळच्या वेळी रक्त तपासून येऊ लागली. चार वर्षांत देवी फिरकली नाही. लेक मागायला ती तीनदा गेली. ज्योतिबा दारातूनच म्हणायचा, "येडीच्या हाती पोर द्यायची न्हाई."

चौथ्यांदा ती गेली ती गावच्या जत्रेतच. सकाळची गोळी घेतली, अंबाडा सोडला आणि हलगी कडाडताच पूर्ण शुद्धीत घुमू लागली. लोक हात जोडून बाजूला झाले. ज्योतिबा लिंबू घेऊन धावला.

"आई, काय चुकलं?"

"पोरगी तिच्या आईकडं धाड! न्हाईतर तुझी दावण मोकळी करीन, एक जनावर ठेवायची न्हाई. आन् नाक घास!"

अख्ख्या गावादेखत तो नाक घासू लागला. ती बास म्हणेना. नाकाचं सालटं निघालं तेव्हा तिला जे बरं वाटलं, ते कुठल्या गोळीनं वाटलं नव्हतं.

दुपारच्या एसटीनं ती लेकीला घेऊन खोलीवर आली. गरम चपाती वाढली. अकरा वर्षांची स्वप्नाली ताटाला शिवेना. दाराशी हात जोडून उभीच. तिनंही जत्रेत सगळं पाहिलं होतं.

सरूबाईनं तिचे जोडलेले हात सोडवले. "देवीबिवी काय न्हाई गं. सोंग केलं मी. मी तुझी आई हाय."

पोरीनं घाबरून मान हलवली. "व्हय, देवी," ती म्हणाली.