दोन ग्राफिक्स कार्डं आणि एक मेहुणा

आमच्या घरात माझ्यासाठी मुलगी पसंत करायला दोन आठवडे लागले आणि संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड पसंत करायला साडेतीन महिने. (हे वाक्य मी एकदा चारचौघांत मोठ्या अभिमानाने बोललो. ते चारचौघे बायकोच्या माहेरचे होते, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं!)

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं. मी तेव्हा रत्नागिरीत एका पतपेढीत कारकून होतो आणि संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केला होता. एवढ्या भांडवलावर आमच्या आळीत मी तज्ज्ञ ठरलो होतो. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तरी मला बोलावणं यायचं. मी जायचो, टीव्हीच्या मागे वाकून बघायचो, गंभीरपणे 'हं' म्हणायचो आणि चहा पिऊन परत यायचो. मुंग्या तशाच राहायच्या, पण लोकांचं समाधान व्हायचं.

त्या दिवाळीला सासरी पुण्याला गेलो. माझा मेहुणा प्रसाद, म्हणजे माझ्या बायकोचा, मीनलचा धाकटा भाऊ, त्याच्या नव्या संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होता. गाडी अडखळत, ठेचकाळत चालली होती.

"तुमच्याकडे कसा चालतो हो भाऊजी हा गेम?" त्याने विचारलं.

इथे मी 'आमच्याकडेही असाच' म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सासुरवाडी! समोर चिरोटे!

"लोण्यासारखा!" मी म्हणालो.

खरी परिस्थिती अशी होती, की माझ्या संगणकावर गाडी निघायची मांडवीला आणि उगवायची थेट खाडीपलीकडे भाट्याला. मधला पूल दिसायचाच नाही! गाडी आपटली हेसुद्धा मला आपटून झाल्यावर पाच सेकंदांनी कळायचं.

संक्रांतीला प्रसादचा फोन आला. "भाऊजी, मे महिन्यात येतोय रत्नागिरीला. आंबे खायचेत आणि तुमचा तो लोण्यासारखा गेम बघायचाय!"

माझ्या हातातली तिळाची वडी हातातच राहिली.

उपाय मला माहीत होता. ग्राफिक्स कार्ड! संगणकाच्या पोटात एका खाचेत बसवायची ही एक पाटी. ती बसली की पडद्यावरची चित्रं सरसर पळू लागतात. आता, बाजारात एकच कार्ड असतं तर मी ते घेऊन मोकळा झालो असतो. पण माझ्या ऐपतीत बरोब्बर दोन बसत होती. एक हिरव्या खोक्यातलं, एक लाल खोक्यातलं. किंमत जवळजवळ सारखी. एका मासिकात लिहिलं होतं, हिरवं किंचित वेगवान. दुसऱ्या मासिकात लिहिलं होतं, लालमध्ये रंग अधिक खुलतात. मी सोमवारी हिरव्याचा असायचो, मंगळवारी लालचा आणि बुधवारी पतपेढीत एकाच्या पासबुकात दुसऱ्याची नोंद करायचो.

शेवटी मी विषय घरात काढला. तिथे माझं चुकलं.

माझे वडील, अण्णा, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी संगणकाला तोवर एकदाही हात लावला नव्हता, पण दोन वस्तूंची तुलना म्हटल्यावर त्यांच्या अंगात वीज संचारली. दोन्ही मासिकं आणि शब्दकोश घेऊन ते आठवडाभर झोपाळ्यावर बसले. मग पाठकोऱ्या कागदावर तक्ता तयार झाला. वेग, स्मृती, गॅरंटी, पंख्याचा आकार, एवढंच काय, 'सर्वसाधारण वर्तन' असाही एक रकाना होता! बेरीज झाली. हिरवं एकाहत्तर, लाल एकाहत्तर.

"मग आता, अण्णा?"

"फेरपरीक्षा," अण्णा म्हणाले आणि नवीन कागद घेतला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लाल घे रे. हिरवी वस्तू आपल्याला धार्जिणी नाही. ती हिरवी स्कूटर आठव."

"अगं, स्कूटर मी दगडावर घातली म्हणून मोडली!"

"बघ! हिरवीच होती ना?"

मीनलने व्यवहारी तोडगा काढला. "चिठ्ठ्या टाका नि मोकळे व्हा." टाकल्या. लाल आलं. लाल आल्याबरोबर मला हिरव्याची विलक्षण ओढ वाटू लागली. म्हटलं, तीनातून दोनदा येईल ते खरं. मग पाचातून तीनदा. अकराव्या चिठ्ठीला मीनलने तो वाडगा उचलून नेला आणि त्यात ताक ओतलं.

यात एप्रिल उजाडला. माझा मित्र सतीश मुंबईला नोकरीला होता. त्याला फोन करून सांगितलं, "हिरवं घे." दुसऱ्या दिवशी सांगितलं, "लाल घे." तिसऱ्या दिवशी त्याची आई फोनवर आली. तिला सांगितलं, "सतीशला म्हणावं, पहिलं ठरलं होतं तेच." माऊलीने विचारलं, "अरे, पण मुलगी करते काय?"

पाचव्या फोनला सतीश शांतपणे म्हणाला, "तू आता फोन करू नकोस. पार्सल येईल."

पार्सल मुंबईहून येणाऱ्या एसटीने आलं. उघडलं तर आत दोन खोकी! एक हिरवं, एक लाल. सोबत चिठ्ठी: 'दोन्ही आणली. दुकानदार ओळखीचा आहे. नको असेल ते महिन्याभरात परत घेईल. पण सील फुटलेलं नको. आणि बाबा रे, मला फोन नको.'

म्हणजे लावून बघायची सोय नाही! एकच फोडायचं, ते कायमचं आपलं. दोन्ही खोकी शोकेसमध्ये शेजारी शेजारी ठेवली. येणारा-जाणारा बघायचा. आंब्याच्या पेट्या भरायला लागणारं गवत घेऊन गडी आला, त्यानेही दोन्ही हातांत तोलून पाहिली आणि म्हणाला, "ह्यो हिरवा जड हाय." झालं! अण्णांनी तक्त्यात 'वजन' हा रकाना वाढवला.

प्रसाद यायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, घर आडवं झालेलं असताना मी मनाचा हिय्या केला. हळूच शोकेस उघडली. लाल खोकं तिथे नव्हतं. म्हटलं, आईने कुठेतरी हलवलं असेल, हीच वरून आलेली खूण! हिरवं उचललं, आतल्या खोलीत नेलं, डोळे मिटले आणि चर्रकन सील फोडलं. मला इतकं हलकं वाटलं! आयुष्यात प्रथमच मी एक निर्णय घेतला होता.

त्या आनंदात पडवीत आलो. अण्णा झोपाळ्यावर बसले होते. मांडीवर लाल खोकं. उघडं. हातात आतली पुस्तिका.

"अण्णा! सील फोडलंत?"

"अरे, 'सर्वसाधारण वर्तन' या रकान्यासाठी पुस्तिका वाचणं भाग होतं," अण्णा चष्म्यावरून बघत म्हणाले. "आणि निकाल लागला बरं का. लाल, अर्ध्या गुणाने! हिरवं परत पाठव."

मी पाठीमागे धरलेलं हिरवं खोकं पुढे केलं. त्याचंही तोंड उघडं!

"असो," मी म्हणालो, "आता निदान दोन्ही लावून तरी बघू."

स्क्रू काढले, संगणकाचं पत्र्याचं झाकण काढलं. आई, मीनल, अण्णा माझ्याभोवती दाटीवाटीने उभे. मी हिरवं कार्ड डॉक्टरासारखं दोन बोटांत धरलं आणि आतल्या मोठ्या पाटीवर, ज्याला मदरबोर्ड म्हणतात, खाच शोधू लागलो. वर पाहिलं, खाली पाहिलं, बॅटरी मारून पाहिलं. जिथे खाच असायला हवी, तिथे पांढऱ्या रंगात एक लांबट चौकोन आखलेला होता. फक्त आखलेला! भूखंड होता, घर बांधलेलं नव्हतं!

"काय झालं?" मीनलने विचारलं.

"खाच नाहीये."

"हिरव्याची नाही की लालची नाही?"

"कुणाचीच नाही."

ज्याच्याकडून संगणक घेतला, त्या दुकानदाराच्या घरी फोन लावला. तो बिचारा झोपेतून उठून म्हणाला, "साहेब, मी तेव्हा विचारलं होतं. खाचेचा बोर्ड देऊ का, थोडा महाग पडेल. तुम्हीच म्हणालात, मी कोर्स केलाय, मला शिकवू नका, टायपिंगला कशाला हवीय खाच!"

हे मी म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत. फोन ठेवताना माझी मान इतकी खाली गेली होती, की रिसीव्हर कपाळाने ठेवला म्हटलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसाद आला. पोहे खाता खाता म्हणाला, "चला भाऊजी, गेम!"

"आधी अंघोळ कर," मी म्हटलं. अंघोळ झाली. "आधी समुद्रावर जाऊन ये." तो जाऊन आला. "आधी जेव." आता याच्यापुढे माझ्याकडे 'आधी' उरला नव्हता! मी सटकलो, पडवीतल्या मेन स्विचपाशी गेलो, आतला पांढरा फ्यूज उपसला आणि खिशात टाकला.

पंखे थांबले. स्वयंपाकघरात आमरसासाठी चाललेला मिक्सर थांबला. विहिरीवरचा पंप थांबला.

"लाइट गेली वाटतं," मी अतिशय दुःखाने म्हणालो. "आता काय, तीन-चार तास येत नाही."

मे महिन्यातली रत्नागिरीची दुपार! दहा मिनिटांत सगळे घामाने निथळू लागले. आई अर्धवट आमरस रवीने घुसळत होती. मीनल पुठ्ठ्याने वारा घेत होती. अण्णांनी सदरा काढला. आणि शेजारच्या घरातून रेडिओवर बाईचा ठणठणीत आवाज आला, "आता ऐकू या कामगारांसाठी कार्यक्रम..."

"शेजारी लाइट आहे," प्रसाद म्हणाला.

"रेडिओ सेलवर असेल," मी म्हणालो.

"पंखाही फिरतोय त्यांचा."

"...तोही सेलवर असेल."

माझ्या एक गोष्ट ध्यानातच राहिली नव्हती. प्रसाद पुण्यात एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता! तो उठला, मेन स्विच उघडला आणि ओरडला, "अहो भाऊजी, इथला फ्यूजच कुणीतरी नेलाय!"

"चोरीला गेला?" आई रवी हातात घेऊन धावत आली. "अरे मेल्यांनो, भरदिवसा? जेवणाच्या वेळेला?"

"पोलिसांत कळवायला हवं," अण्णा म्हणाले आणि कागद शोधू लागले. बहुधा संशयितांचा तक्ता करायला.

माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. त्या पुसायला मी खिशातून रुमाल ओढला आणि रुमालाबरोबर फ्यूज बाहेर आला. टण्‌, टण्‌, टण्‌ करत शहाबादी फरशीवरून घरंगळत गेला आणि प्रसादच्या पायाशी थांबला.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मग मी सगळं सांगितलं. लोण्यापासून खाचेपर्यंत. सांगताना सारखा मीनलकडे बघत होतो. तिच्या माहेरी आता माझी काय किंमत राहणार! ती पुठ्ठ्यामागे तोंड लपवून बसली होती. मला वाटलं, रडतेय. नीट पाहिलं तर पुठ्ठा गदागदा हलत होता. हसून हसून तिला ठसका लागला होता!

प्रसाद मात्र हसला नाही. त्याने फ्यूज बसवला, हात पुसले आणि खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर दोन नावं होती. हिरवं आणि लाल.

"भाऊजी, माझ्या मशीनला खाच आहे," तो ओशाळून म्हणाला. "पण यातलं कोणतं घ्यावं ते चार महिने ठरेना. आंब्यांचं निमित्त. खरं तर मी तुम्हाला विचारायला आलो होतो."

मला भरून आलं. घरात आणखी एक माझ्यासारखा निघाला! मी खुर्ची पुढे ओढली. "हे बघ प्रसाद, तसं पाहिलं तर हिरव्याचा वेग..."

"नको!" आई, मीनल आणि अण्णा एकदम ओरडले. दोन्ही खोकी आंब्याच्या पेटीबरोबर बांधली गेली आणि पुण्याला रवाना झाली. एक प्रसादने ठेवलं, एक त्याच्या मित्राने घेतलं. महिन्याभराने प्रसादचा फोन आला. दोघांनी आलटून पालटून दोन्ही लावून पाहिली होती. म्हणाला, "भाऊजी, डोळ्यांना तर काडीचा फरक कळत नाही हो!"

पण त्याने त्याच्या मित्रमंडळीत सांगून ठेवलं, आमच्या भाऊजींचा या विषयाचा अभ्यास दांडगा आहे. खरोखरच काही दिवसांनी पुण्याहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याला मॉनिटर घ्यायचा होता. दोन आवडले होते, किंमत सारखीच. मी आरामात मांडी घातली, सोफ्याला टेकलो आणि त्याला अथपासून समजावून सांगू लागलो. याचे फायदे, त्याचे तोटे, मग त्याचे फायदे, याचे तोटे. माणूस फार सालस होता. मध्ये एक अक्षर बोलला नाही. चांगली पंचवीस मिनिटं मी बोललो, शेवटी "मग काय ठरलं तुमचं?" असंही विचारलं.

उत्तर येईना म्हणून मान वर केली, तर समोर मीनल उभी होती. फोनची वायर तिने दुसऱ्याच मिनिटाला भिंतीतून काढली होती!