तांब्यातला एक खडा

आमच्या थोरल्या दिरासारखा इचारून जगनारा मानूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा गावायचा न्हाय. समदी त्यास्नी आबा म्हनायची. साखर कारखान्याच्या गेटावर वॉचमन व्हते. जलमभर दुसऱ्याचा हुकूम ऐकून त्यास्नी असा काय कटाळा आला, की रिटायर होऊन अंथुर्ण्याला आले ते घरात कुनालाच हुकूम करीनात. नातवाचं नागरिकशास्त्राचं पुस्तक एवढं वाचलं की त्याचं कव्हर गेलं, आन नातू त्याच इषयात नापास झाला. मग घरात मतदान सुरू झालं. भाजी वांग्याची का दोडक्याची, म्हस इकायची का ठिवायची, समद्याला मत. आदी हात वर करायला लावायचे, पन तवा सासूबाई जित्त्या व्हत्या. त्यांच्या म्होरं कंची सून हात वर करील? आमी पदर सावरत बसायचो. आबांच्या ध्यानात आलं. म्हनले, "ह्याला गुप्त मतदान पायजे." तवापास्नं तांब्या आला. व्हय असलं तर चिंचोका टाकायचा, न्हाय असलं तर खडा, मूठ झाकून. पयल्याच बारीला सासूबाई दोडक्याला हरल्या, आन आठवडाभर कुनाला सुखानं जेवू दिलं न्हाय. नातू रडायचा, मलाबी चिंचोका द्या. "अठरा पुरी झाली का? मग भाईर खेळ."

सांजच्याला ओट्यावर बसून सांगायचे, परदेशात लई जुन्या काळी येका गावातली लोकं माळावर जमायची, राजाला न इचारता आपलं आपन ठरवायची. मी म्हनलं, "आबा, तवर भाकऱ्या कोन थापायचं?" आबा म्हनले, "बाया आन गुलाम. त्यास्नी मत न्हवतं." अक्का, म्हंजी त्यांची बायकू, माझी थोरली जाऊ, चुलीपास्नं बोलली, "मग त्यात नवं ते काय केलं?" आबा डोळ्यात पानी येस्तवर हसले. "म्हनून तर तुला चिंचोका दिलाय."

त्याच अक्काच्या पोटात गाठ निघाली. डाक्टर म्हनला, बारामतीला न्या, आपरेशन करून बघू, भरवसा देत न्हाय. अक्का म्हनली, "मला कुठं न्हेऊ नका. हितंच ऱ्हाऊ द्या." तिचा ल्योक म्हनला, "आई, तू गप." आबांनी तांब्या मांडला. वतला तर समदे चिंचोके, आन येक खडा. कुनाचा ते इचारायचं नसतं, आन इचारायची गरजबी न्हवती. अक्कानं केसं इंचरली, लुगडं बदाललं. "हरले. न्या आता," म्हनली, आन आपल्या पायानं जीपमंदी जाऊन बसली.

पोट उघडलं आन तसंच शिवलं. गाठ समदीकडं पसरल्याली. नाकातली नळी उपसती म्हनून तिचं हात पलंगाला बांधलं. बोलत न्हवती, नुसती आबांकडं बघायची. ल्योक म्हनायचा, अजून थोडं थांबू. आबा भाईर बाकड्यावर माझ्याजवळ येऊन बसले. "बाई, जे तिचं येकटीचं व्हतं, त्याच्यावर मी समद्यांची मतं घेतली." आबा उठले, कुनाला न इचारता कागदावर सही केली आन तिला घरी आनली.

ल्योक दारात आडवा आला. "समद्यांनी ठरवल्यालं तुमी येकट्यानं मोडलं. राजा झाला व्हय?"

"व्हय, झालो. सर बाजूला."

अंगनात बाज टाकली. अक्कानं च्या मागितला, दोन घोट पिली. मग घराकडं बघून मला म्हनली, "चार दिस न्हवते तर चूलसुदीक सारवली न्हाईस व्हय गं? आळशी कुठली." दुसऱ्या दिशी दुपारी गेली.

ल्योकानं बापाशी बोलनं टाकलं. त्याला वाटतं, दवाखान्यात ठिवली असती तर जगली असती. असंल. मी काय डाक्टर न्हाय. आबा आता वाढलं ते खात्यात, कुनाला काय इचारत न्हाईत.

मागल्या म्हयन्यात मी पोराला येवढंच सांगितलं, "तुजी आय त्या पलंगावर मुकी व्हती. घरी आली आन मला आळशी म्हनली." त्यानं ऐकलं. उठून गोठ्याकडं गेला. आबा ओट्यावर बसल्याले असले की त्यो मागल्या दारानं जायचा. त्या दिशी त्यांच्या म्होरनं गेला.