पाणी आत येऊन प्या

"पाणी आत येऊन प्या," म्हणत वहिनी पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात न्यायच्या. बाहेरच्या खोलीत कुणाच्या हातात पेला द्यायच्या नाहीत. पाहुणा बिचारा गॅसच्या टाकीला गुडघा टेकवून, ओट्याशी उभा राहून पाणी प्यायचा आणि घरी जाऊन सांगायचा, या बाईला रीतभात नाही. तुम्हीही तेच म्हणाला असता. पहिल्या दिवशी मीही मनात तेच म्हटलं.

बाहेरच्या खोलीत दादा असायचे, वहिनींचे मिस्टर. कंपनीतून दुसरी पाळी करून येताना त्यांची मोटरसायकल घसरली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. डोक्याचं ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं आणि धड गिळताही येईना. पाण्यासारखं पातळ काही दिलं की ते पोटात जायच्या ऐवजी फुप्फुसात उतरायचं. म्हणून हॉस्पिटलातल्या मॅडमनी एक पावडर दिली होती. ती कालवली की पाणी खिरीसारखं घट्ट व्हायचं. दादांना बसतं करायचं, हनुवटी छातीकडं वाकवायची आणि ते चमच्या-चमच्यानं भरवायचं.

बोलणं गेलं तरी काही शिव्या राहिल्या होत्या. आणि एक शब्द राहिला होता. पाणी.

मी गडचिरोलीकडची. आठवीत शाळा सुटली. इथं बजाजनगरात कंत्राटावर पॅकिंगला आले होते, ते काम एक दिवस बंदच झालं. घरी कळवायची हिंमत होत नव्हती. या वहिनी शेजारीच राहायच्या, त्यांनी दारातूनच विचारलं, "माणसाचं करशील का? आधी घाण वाटंल, मग नाय वाटायची." मी लगेच हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर गेले कुठं असते? वहिनी रोज सकाळी एका कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायच्या, मी दादांजवळ बसायचे. दारावर जरा थाप पडली तरी मला वाटायचं, आता वहिनी म्हणणार, उद्यापासून येऊ नको.

त्या तसं कधीच म्हणाल्या नाहीत. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशी कुठं द्यायची, सगळं हाताला धरून दाखवलं. एकदा मी न सांगताच दादांचा पाय उचलला, तर म्हणाल्या, "आधी सांग त्यांना, काय करणारेस ते. भिंत नाय ती."

भरवायला लागलं की दादा पहिला चमचा थुंकायचे आणि वर शिवी हासडायचे. वहिनी हनुवटी पुसत म्हणायच्या, "व्हय, चिखलच हाय तो. लग्न झाल्यापासून कधी माझ्या भाजीला नाव ठेवलं नाय, आता सगळं उट्टं काढा." आणि खरंच हसायच्या. मला हसावं का, तेच कळायचं नाही.

उन्हाळ्यात फार वाईट व्हायचं. दादा दिवसभर तो एकच शब्द घोकायचे. आम्ही त्यांच्यासमोर घोटही घ्यायचो नाही. मोरीतल्या नळाला वहिनींनी फडकं बांधून ठेवलं होतं, धार फडक्यावरून उतरली म्हणजे बादलीचा आवाज व्हायचा नाही. तो आवाज आला की दादा धडक्या हातानं पलंगाची कड धरून उठायला बघायचे.

एकदा त्यांचा कंपनीतला मित्र भेटायला आला. वहिनी आत चहा ठेवत होत्या, मी दुधाला गेले होते. मित्राला ते मागणं ऐकवेना. त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. मी आले तेव्हा दादा काळेनिळे पडले होते. न्यूमोनिया झाला, पुन्हा हॉस्पिटल. वॉर्डाच्या दाराशी तो मित्र भिंतीला डोकं लावून रडत होता. मला वाटलं, वहिनी आता त्याला सोडत नाहीत. तर म्हणाल्या, "रडू नका, भाऊजी. मागणाराला नाय म्हणणं लई अवघड असतं."

वैजापूरकडून सासूबाई यायच्या. सगळा जन्म शेळ्या-मेंढ्यांमागं गेलेला. त्या तर तोंडावरच बोलल्या, "बोकड कापायचं झालं तरी त्याला आधी पाणी पाजत्यात, सूनबाई. माझ्या लेकराला तेवढं बी नाय का?"

वहिनी पेल्यात चमचा फिरवत राहिल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. भांडी घासताना मला म्हणाल्या, "आत्याबाईंचं खोटं नाय गं. त्यांना तहान दिसती, मला फुप्फुस दिसतं."

वहिनी आता इथं नाहीत. अजिंठ्याकडं भावाकडं गेल्या. त्यांचा नंबर लागत नाही. मी दुसऱ्या घरांतून अशीच माणसं सांभाळते, आणि कुठं शिकलीस असं कुणी विचारलं की वहिनींचं सांगते. शेवटची दुपार तेवढी सांगत नाही. तुम्हाला सांगते.

पुन्हा ताप आला होता. यावेळी तो उतरलाच नाही. डॉक्टर वहिनींना बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी न्या. जे मागतील ते द्या."

दादांना आणलं. सासूबाई पायाशी बसल्या. वहिनींनी आतला माठ दोन्ही हातांनी उचलून बाहेरच्या खोलीत आणला, दादांच्या डोळ्यांसमोर ठेवला आणि पेला बुडवला. नुसतं पाणी, गार. दादांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते माठाकडं बघत नव्हते. श्वास घरघरत होता. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"घाल गं तोंडात," सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबल्या. पेला कलला आणि पाणी दादांच्या गळ्यावर सांडलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पाणी मागा ना. आता नाय म्हणत नाय मी. एकदा मागा."