उपवासाला चालणारे मीठ

आमच्या कोल्हारात माझ्या आजारपणाच्या तीन हकिकती सांगितल्या जातात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. धाकट्या भावाची पत्नी सांगते की, नवरात्रात हिरव्या नऊवारीतील देवी माझ्या शेजारी येऊन बसली, बोलली आणि अंतर्धान पावली. भाऊ सांगतो की, मी गर्दीत चक्कर येऊन पडलो. मुलगा सांगतो की, त्याने मला बळेच गाडीत घालून दवाखान्यात नेले. मी पडलो नव्हतो, बसलो होतो. न्यायालयाच्या दारात अर्जनवीस म्हणून हयात घालवलेल्या माणसाला या दोहोंतील फरक कळतो. लोकांचे जबाब मी आयुष्यभर नीट मांडून दिले. माझा जबाब इतरांनी परस्पर द्यावा, हे मला मान्य नाही. म्हणून हे लिहीत आहे.

रक्तदाबाचे निदान पूर्वीच झाले होते. रोज एक गोळी आणि मीठ कमी, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मला डोकेदुखी नव्हती, भोवळ नव्हती. ज्या आजाराची स्वतःची काही तक्रार नाही, त्याच्यासाठी औषध घेणे मला फिर्यादीवाचून शिक्षा भोगण्यासारखे वाटे. डोके जड वाटेल त्या दिवशीच तेवढी मी गोळी घेई. मिठाच्या बाबतीत मात्र मी आज्ञा पाळली, असे माझे प्रामाणिक मत होते. मी साधे मीठ बंद करून सैंधव आणले. युक्तिवाद सरळ होता: उपवासाला मीठ वर्ज्य, सैंधव चालते; अर्थात सैंधव हे मीठ नव्हे. हा समज माझ्या एकट्याचा नाही, घरोघरी आहे. त्यामुळे ताकात, काकडीवर, उकडलेल्या रताळ्यावर मी ते सढळ हाताने घेई आणि बाहेर जाताना त्याची डबीही बरोबर ठेवी.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता चपलेचा पट्टा पायात रुतू लागला. नदीच्या पायऱ्या चढताना धाप लागे. आडवे झाले की जीव गुदमरे, म्हणून मी भिंतीला टेकून झोपू लागलो. पत्नी म्हणाली, "अहो, एकदा दाखवून तरी या."

"वय झालं आता. दाखवायचं काय त्यात?"

"वय माझंही झालंय. मी आडवी झोपते."

मी रागावलो. पण मनात खोलवर मी देवीवरही रागावलो होतो. तिचे नवरात्र मी कधी चुकवले नव्हते. मग माझ्याच वाट्याला हे का, असा तिला जाब विचारण्याची माझी तयारी होती. दवाखान्यात जाण्याऐवजी मी उपवास अधिक कडक केला आणि रोज अनवाणी दर्शनाला जाऊ लागलो. हे तिच्यावर टाकलेले दडपण होते, भक्ती नव्हे, हे आता दिसते.

अष्टमीला दर्शनाची रांग मंडपाबाहेर आली होती. उन्हात उभे राहवेना, म्हणून भावाला रांगेत ठेवून मी कडेच्या ओट्यावर बसलो. तेथे माझ्याच वयाची एक अनोळखी बाई पाय पसरून बसली होती. पाथर्डीकडून टेम्पोने आली होती. तिचे लुगडे हिरवे नव्हते, विटक्या तपकिरी रंगाचे होते, आणि गर्दीत हरवलेल्या चपलेबद्दल ती चोराला मोकळ्या तोंडाने शिव्या देत होती. देवीने असे करावे असे मला वाटत नाही. मी काकडी चिरली, सैंधव भुरभुरले आणि एक फोड तिच्यापुढे केली.

"बिनमिठाची द्या दादा. म्या मीठ देवीला सोडलंय."

"हे मीठ नाही, सैंधव आहे. उपवासाला चालतं."

ती मोठ्याने हसली. "उपासाला चालतंय म्हनून काय ते साखर झालं व्हय? मीठ ते मीठच की! देवीला गंडवायलाय का मला?"

आयुष्यात मी भल्याभल्यांना निरुत्तर केले आहे. त्या दिवशी मी डबी मिटून बाजूला ठेवली. मीठ का सोडले, एवढेच मी विचारले. तिचे हसू ओसरले. "आमचं मालक लई खायाचं. पापड, लोनचं, समदं. पाय हे असं फुगलं. निजायचं बी बसूनच. म्या म्हनायची सोडा, तर म्हनायचं, तुला काय कळतंय? ते गेलं आन् मग म्या सोडलं. आता काय उपेग? पर सोडलं."

तिने माझ्या पायांकडे पाहिले नव्हते. मी कसा झोपतो हे तिला ठाऊक नव्हते. तिने मला कोणताही उपदेश केला नाही. एवढ्यात रस्त्यावरून हाक आली, "ए आये, टेम्पो निघाला!" आणि ती अनवाणी, लंगडत, चोराचा पुन्हा उद्धार करीत निघून गेली. अंतर्धान वगैरे काही नाही. टेम्पो दिसेनासा होईपर्यंत मी पाहत होतो. "निजायचं बी बसूनच" हे शब्द मात्र माझ्याजवळ राहिले. माझ्या पत्नीलाही एक दिवस माझ्याविषयी असेच कोणा परक्यापुढे बोलावे लागेल, हे मला त्या ओट्यावर स्पष्ट दिसले.

भाऊ बोलवायला आला, "चल, आपला नंबर आला." मी म्हणालो, "दर्शन राहू दे. मला दवाखान्यात ने." तो घाबरला, आणि त्याच्या त्या घाबरण्यातून पुढे चक्कर येऊन पडल्याची हकिकत जन्मली. मुलगा तर नगरला दवाखान्यात पोहोचलो तेव्हा आला. वर्षानुवर्षांच्या दाबाने हृदय थकले आहे, फुप्फुसांत पाणी साठू लागले आहे, अजून थांबला असता तर कठीण होते, असे डॉक्टरांनी सांगितले. मी सैंधवाचे विचारले. "तेही मीठच, आजोबा," ते म्हणाले. हे मी आधीच ऐकले होते.

ती बाई कोण होती, असे लोक विचारतात. मी सांगतो, पाथर्डीकडची एक विधवा. त्यांची निराशा होते. पण नेमकी तीच, नेमकी तेथे, माझ्याच काकडीला नकार द्यायला कोणी बसवली, हे मला विचारू नये. तेवढे मी जबाबात लिहू शकत नाही. तिचे नावही मी विचारले नाही. रोज देवापुढे हात जोडताना तिच्या पायांत चप्पल असो, एवढे मागतो.

गोळ्या आता रोज घेतो. सूज उतरली आहे, पाठ टेकून झोप लागते. दुखत असताना देवाला शरण जाण्यात फारसे काही नाही. दुखणेच तेथवर ओढून नेते. बरे वाटते, काही तक्रार नाही, अशा सकाळी पत्नी गोळी घेऊन समोर उभी राहते आणि थोडा वेळ थांबते. आज मी वाद घालणार का, हे ती पाहत असते. मी हात पुढे करतो.