बुजवायची बारव

साती आसरा बाथरूमच्या टाइल्समध्ये बसलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिल्या त्या उंद्रीच्या पुढच्या एका गावात, पाण्याच्या टाकीखाली. निळ्या टाइल्स, त्यांवर पांढरी फुलं, आणि मधोमध शेंदराने माखलेले सात दगड सिमेंटात ओळीने रोवलेले. पुढ्यात हिरव्या बांगड्या, लिंबं, दहीभाताचा द्रोण. आसरा या पाण्यातल्या देवता. त्यांची जागा नदीच्या, विहिरीच्या, बारवेच्या काठाला. टाकीखाली त्या काय करत होत्या, ते मला कळेना.

"पान्याच्या देव्या हायेत ना, मंग पान्यापाशीच ठेवल्या," तिथे बसलेली म्हातारी म्हणाली. गावात आसरांचं सगळं तीच बघायची. "बारव बुजवून राह्यले. देवाले खाली ठेवून वरून मुरूम टाकता येते काय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्या गावात आले होते तीच मुळी ती बारव, म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर, बघायला. आमच्याकडची माणसं अशीच. देवाला कुणी दुखवणार नाही. आधी देवाची सोय लावतील, नैवेद्य दाखवतील, आणि मग निर्धास्तपणे पाहिजे तो उद्योग करतील. बारव बुजवण्यात जे पाप होतं ते टाकीखाली हलवून ते मोकळे झाले होते.

जुन्या वास्तू वाचवणारी एक छोटी संस्था मी चालवते. चिखलीत एका कुलरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, एवढंच आमचं ऑफिस. प्रमुख मीच, म्हणजे गाडी चालवायची मी, भाषणं करायची मी आणि भांडायचंही मीच. त्याआधी बरीच वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. घरचे मला दगडांची सून म्हणतात. दगडांचं करायला मिळालं तर मला जेवणाची शुद्ध राहत नाही, हे खरं आहे. आणि मी तापट आहे, हेही खरं. पण कामात एक नियम मी कधी मोडत नाही. गावात ज्याचा विरोध सगळ्यात जास्त, त्याच्याच घरी पहिला चहा घ्यायचा. समर्थकांच्या ओसरीवर बसून कुठली वास्तू वाचलेली मी पाहिली नाही.

तर तो पहिला चहा सरपंचबाईकडे झाला. बाई माझ्याहून थोडी लहान, बोलायला मोजकी. नवऱ्याच्या नावाने कारभार चालवणाऱ्यातली नव्हे. "साहेब कुठं आहेत" असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "वावरात. काम माह्याकडं असन त बसा."

मी बसले. बारव किती जुनी असेल, दगड एकावर एक चुन्याशिवाय कसे बसवलेत, कोनाड्यांवरची नक्षी कशी आहे, सगळं सांगितलं. जीव तोडून सांगितलं. तिने माझ्या कपात परत चहा ओतला.

"झालं तुमचं सांगून?" ती म्हणाली. "थे बुजवाची हाये. वर सभागृह होईन. गावात लग्नाले जागा नाही."

"सभागृहाले दुसरी जागा नाही काय?"

"हाये. पन बुजवाची हायेच."

हे उत्तर मला विचित्र वाटलं. जागा आहे, तरीही बुजवायची म्हणजे काय? पण मीही काही कमी नव्हते. शेंडी तुटो की पारंबी तुटो, ही बारव मी बुजवू देणार नाही, असं मी गाडीत बसताना स्वतःशी बोलले आणि दुसऱ्याच आठवड्यात परत गेले. मग परत गेले. चौथ्या-पाचव्या खेपेला तिने कंटाळून एवढं कबूल केलं की बुजवण्याआधी आम्ही बारव साफ करून तिची मोजमापं आणि फोटो घ्यावेत. ग्रामसभेपर्यंतची मुदत. मला तेवढं पुष्कळ होतं. घाण झाकायला सगळे तयार असतात, एकदा स्वच्छ झालेली वस्तू बुजवताना मात्र माणसाचा हात थांबतो, हा माझा अनुभव.

गाळ उपसायला गावातलीच माणसं लावली. प्लास्टिक, निर्माल्य, फुटक्या मूर्ती, एका मोटरसायकलचं टायर. खाली उतरत गेलो तशा पायऱ्या मोकळ्या होत गेल्या, काळ्याभोर आणि कुठेही न हललेल्या. एका कोनाड्यात गणपती निघाला. तळाला झरा होता आणि तो जिवंत होता. मला तर हरखून जायला झालं. मी वर येऊन सरपंचबाईला फोन लावला की ताई, या, बघा, पाणी लागलं.

ती आली. काठावर उभी राहिली. पाण्याकडे बघून तिचा चेहरा असा झाला की मला बोलवल्याचा पस्तावा झाला. कामावरची माणसं जेवायला गेली होती. तिथल्या लिंबाखाली ती बसली आणि मला म्हणाली, "बसा. तुमी लय हेलपाटे मारले, तुमाले सांगतलं पाह्यजे."

दोघी बहिणी याच गावात दिलेल्या होत्या, दोन वेगळ्या घरांत. ही धाकटी. थोरलीला सासरी मारहाण व्हायची, उपाशी ठेवायचे. माहेरी सांगून झालं, भावकीला सांगून झालं. "नांदावं लागते" म्हणून सगळ्यांनी परत पाठवली. एका सकाळी ती पाण्याला म्हणून बारवेवर गेली आणि परत आली नाही.

"मंग गावानं काय म्हनलं माहीत हाये? आसरांनी नेली. सुंदर होती, पानी भराले एकटी गेली, आसरांनी वढली. दहीभात वाह्यला, नारळ फोडलं, आन झालं. तिच्या घरच्यांनी बी तेच म्हनलं. माह्या बापानं बी." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आसरांनी नाही नेली, बाई. तिच्या घरच्यांनी नेली. आता सांगा, काऊन ठेवू मी हे डोयासमोर?"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की जुनी वास्तू म्हणजे गावाची आठवण. ही बाई मला त्याच गावाची आठवण सांगत होती आणि मी तिच्यापुढे नक्षीचे फोटो धरत होते. मला स्वतःची आणि त्या सगळ्या गावाचीही चीड आली. तिची बहीण गेली तेव्हा मी कॉलेजात पोरांना राजघराण्यांच्या वंशावळी शिकवत असेन. खूप राग आला की मला रडू येतं. तसं ते आलं, आणि तिने पदराने माझे डोळे पुसले. उलटच झालं सगळं.

पण बारव सोडून द्यावी असं मला वाटलं नाही. चिखलीकडे परतताना मी गाडी एकदा बाजूला घेतली आणि शांतपणे विचार केला. बुजवल्याने तिला काय मिळणार होतं? वर लग्नाचा मंडप उभा राहिला असता, अक्षता पडल्या असत्या, आणि आसरांनी नेली हीच गोष्ट कायमची खरी झाली असती. हे मला पटलं होतं, पण तिला पटवायचा अधिकार माझा नव्हता. मी काम चालू ठेवलं आणि त्या विषयावर तिच्यापुढे तोंड उघडलं नाही.

ग्रामसभेच्या आठवड्यात गावाचे नळ कोरडे पडले. टाकीत पाणीच चढेना. झालं, म्हातारीने टाकीखाली बसून जाहीर केलं की आसरा कोपल्या. जागा हलवली, टाइल्समध्ये कोंबलं, आता भोगा. बघता बघता गाव फिरलं. कालपर्यंत मुरमाच्या ट्रॉल्यांची चौकशी करणारी माणसं मला रस्त्यात अडवून म्हणू लागली, "म्याडम, बारव राहूच द्या. आसरा तठीच बऱ्या."

आमच्या संस्थेच्या एका विश्वस्तांना मी फोनवर हे सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "देवच धावून आला की. तुम्ही फक्त सभेत गप्प बसा. तुम्हाला ते जमत नाही, पण एक दिवस जमवा."

मी जमवायचं ठरवून गेले. खोटं कशाला सांगू? शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंचबाई टेबलामागे होती. म्हातारी उठली आणि म्हणाली, "आसरांचा कोप हाये. बारव ठेवा, त्याहिले परत न्या." सगळीकडून हाव, हाव असा होकार आला. मी नुसती बसून राहिले असते तर बारव वाचली होती. मला हव्या त्या ठरावावर हात वर व्हायला सुरुवातही झाली होती.

मी सरपंचबाईकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत होती. आणि मला लख्ख दिसलं की आज आसरा कोपल्या असं ठरलं, तर तेव्हाही त्यांनीच नेली असं ठरणार. तिच्याच अध्यक्षतेखाली, तिच्याच सहीने. माझी बारव वाचणार ती तिच्या बहिणीच्या जिवावर. असली वाचवलेली वास्तू मला नको होती.

मी उभी राहिले. "मोटर जळली हाये," मी म्हणाले. "वायरमननं काल खोलली, तवा मी तठीच होती. नवीन वाइंडिंग केलं की पानी चढन. आसरांनी काही केलं नाही. आता बी नाही आन मागं बी नाही."

'मागं' म्हणजे काय, हे त्या व्हरांड्यात एका पोरालाही विचारावं लागलं नाही. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "म्याडम, तुमी बारव वाचवाले आल्या का बुजवाले?"

"वाचवाले आली," मी म्हणाले. "पन लबाड बोलून नाही."

वर झालेले हात एकेक करून खाली आले. जुळून आलेलं सगळं मी एका वाक्यात मोडलं होतं. मी खाली बसले. दुसऱ्या दिवशी मुरूम पडणार हे मी धरून चालले होते.

मग सरपंचबाई उठली.

"बुजवा म्हननारी मीच होती," ती म्हणाली. "मले थे डोयासमोर नको होतं. मले वाटे का तुमाले खरंच आसरा वाटतेत, अडानी हायेत, काय बोलावं. पन आता या बाई बोलल्या आन तुमी सारे खाली पाहून राह्यले. म्हंजे तुमाले माहीत होतं. तवा बी माहीत होतं. बारव बुजवाची नाही. तठी माह्या बहिनीचं नाव लागन. कोनाले नाही म्हनाचं असन त आताच, माह्या तोंडावर म्हना."

कुणी म्हटलं नाही. ठराव झाला.

नंतरची कटकट आमच्याच घरची. विश्वस्त म्हणाले, वारशाच्या फलकावर असलं काही लिहीत नसतात, काळ आणि शैली लिहितात. मी म्हणाले, बांधणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही तरी त्याच्यावर चार ओळी लिहितो. जिचं नाव ठाऊक आहे तिला एक ओळ देता येत नाही? बरीच वादावादी झाली. शेवटी मी सांगितलं की तिच्या नावाचा दगड नसेल तर तुमचा फलकही लागणार नाही आणि मीही राहणार नाही. ते माझ्या या स्वभावाला विटलेले आहेत, पण मला ओळखतात. दगड मंजूर झाला.

काय कोरायचं यावर माझं आणि सरपंचबाईचंही वाजलं. मला सगळं लिहायचं होतं, छळ, उपासमार, गावाचं गप्प राहणं, सगळं. तिने माझा मजकूर ऐकला आणि म्हणाली, "एवढं नको. तिचं नाव, बापाचं नाव, आन या बारवेत मेली एवढं." मी चिडले. इतकं लढून एवढंच? ती म्हणाली, "एवढंच." बहीण तिची होती, मी माघार घेतली. आसरा मात्र टाकीखालीच राहिल्या. मोटर दुरुस्त झाली, पाणी चढलं, आणि म्हातारी टाइल्स फोडू देईना.

काठावर दगड बसवला त्या सकाळी बरीच माणसं जमली होती. गवंडी सांधे भरत होता. तेवढ्यात बहिणीचा भासरा आला, म्हणजे तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. आता थकलेला, पण आवाज करडा.

"हे काढा," तो म्हणाला. "आमच्या घरान्याची बदनामी होऊन राह्यली."

मी तोंड उघडणार तोच सरपंचबाईने माझा हात धरला.

"भाऊजी, वाचा ना काय लिहेल हाये थे," ती म्हणाली. "तिचं नाव हाये. आमच्या बापाचं नाव हाये. तुमच्या घरचं एक अक्षर तरी हाये काय त्याच्यावर?"

त्याने वाचलं.

"मंग बदनामी कायची?"

त्याने परत वाचलं. बाया, माणसं, गवंडी, सगळे त्याच्याकडे बघत होते. मग तो वळला आणि घराकडे चालू लागला. त्याला जायला लोकांनी वाट दिली, पण त्याच्याशी कुणी बोललं नाही.